एनएलआर १.७ आणि वाकडी दिसणारी रेघ

मी लॅबवाली आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून २२ वर्षं झाली, त्यातली १४ सांगलीतल्या एकाच लॅबमध्ये, त्यामुळे रक्त म्हटलं की मला आधी जांभळ्या टोपणाचा बल्ब आणि राखाडी टोपणाचा बल्ब आठवतो. सकाळी पावणेसातला शटर वर, फास्टिंगवाल्यांची रांग, त्यात एकजण तरी चहा पिऊन आलेला असतो आणि शपथेवर सांगतो की नुसतं पाणी प्यायलो. नऊ वर्षांपूर्वी माझीच फास्टिंग शुगर १८६ आली तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं असेल तर मशीनवर संशय घेतला. क्यूसी, म्हणजे मशीन बरोबर आहे का ते बघायची चाचणी, परत लावला, परत सॅम्पल काढलं, आलं १९१. मग शुगरच्या गोळ्या सुरू.

तेव्हापासून माझं सगळं रक्तावर चालायचं. दर दोनतीन महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर), मध्ये किडनीसाठी क्रिएटिनिन, लिपिड, फुकटच की हो, रिएजंट उघडलेलंच असतं. डोळे मात्र कधी दाखवले नाहीत. म्हणजे चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर काढला, तो पोरगा म्हणाला मॅडम डोळे मस्त आहेत, आणि मी ते धरून बसले. आता त्याने नंबर बघितला, डोळ्याच्या आतला पडदा, रेटिना, कुठे बघितला? हे मला कळायला हवं होतं, दुसऱ्या कुणी केलं असतं तर मीच चार शब्द सुनावले असते.

गेल्या वर्षी लॅबमध्ये रक्तपेशी मोजायचा नवीन काउंटर आला, फाइव्ह पार्ट. जुना थ्री पार्ट होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, थ्री पार्टवाला पांढऱ्या पेशींचे तीनच ढीग करतो, लिम्फ (लिम्फोसाइट), मिड आणि ग्रॅन. त्या ग्रॅनमध्ये न्युट्रोफिल असतातच पण आकाराने आसपासच्या दुसऱ्या पेशीही शिरतात. फाइव्ह पार्ट पाची वेगळ्या काढून देतो. मशीन बसवायला आलेला इंजिनिअर पोरगा भारी उत्साही होता, स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, ताई हे बघा, हा एनएलआर पण काढतो, पीएलआर पण, एसआयआय पण. (एनएलआर म्हणजे न्युट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, बाकीचे दोन प्लेटलेट धरून काढलेले असेच आकडे.) मी म्हटलं ते काय करायचंय. तर म्हणाला सूज कळते शरीरातली, आता तर डायबेटिसवाल्यांचे डोळे खराब होतायत का ते पण यावरून कळतं असे संशोधनाचे पेपर येतायत.

झालं. ट्रायलला कुणाचं तरी रक्त लागणारच होतं, माझंच लावलं. न्युट्रोफिल ५८ टक्के, लिम्फोसाइट ३४. भागाकार केला की १.७. साधारण एक ते तीनच्या मध्ये असलं की ठीक धरतात. मी इतकी खूश झाले की प्रिंट काढून पर्समध्ये ठेवली. घरी जाऊन ह्यांना सांगितलं की माझ्या डोळ्यांना काही नाही, रक्तात सूजच नाही. हे म्हणाले, डोळ्याचं रक्तात दिसतं होय? मी म्हटलं तुम्हाला काय कळतंय त्यातलं.

त्यानंतर तीन साडेतीन महिन्यांनी एक दिवस पोटातल्या पाण्याचं सॅम्पल आलं, सेल काउंट करायचा होता. अशा सॅम्पलला आम्ही न्युबॉर चेंबर वापरतो. ती जाड काच असते, तिच्यावर बारीक चौकोन कोरलेले असतात, मायक्रोस्कोपखाली ठेवलं की वहीच्या चौकटीसारखं दिसतं आणि त्या चौकोनात पेशी मोजायच्या. हजारो वेळा केलंय. त्या दिवशी मोजताना मला सारखं वाटत होतं की डावीकडून तिसऱ्या चौकोनाची उभी रेघ मध्येच पोट आल्यासारखी फुगलीय. काच पुसली. परत सॅम्पल भरलं. लेन्स पुसली. दुसरं चेंबर आणलं. आमच्या ज्युनिअर पोराला म्हटलं, अरे बघ रे, ही रेघ सरळ आहे का. त्याने बघितलं, म्हणाला सरळ आहे की ताई. मग मी एकेक डोळा मिटून बघितलं. डाव्या डोळ्याने सरळ. उजव्या डोळ्याने वाकडी, आणि त्या वाकड्या भागात पेशी थोड्या पुसटही.

पाय गळाले खरं तर. काच कुणी वाकवत नाही ना. मी ते सॅम्पल डाव्या डोळ्याने मोजून पूर्ण केलं, रिपोर्ट टाइप केला, आणि मग टॉयलेटमध्ये जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी मिरजेला गेले डोळ्याच्या मॅडमकडे. आधी बोर्डावरची अक्षरं वाचायला लावली, डावा ६/६, उजवा ६/१२. मग बुबुळ मोठं करायचे थेंब, दर दहा मिनिटांनी, चुरचुरतात, अर्ध्यापाऊण तासाने समोरच्या बाईच्या साडीची नक्षी दिसेना, आणि मॅडमनी डोक्याला दिवा लावून हातात भिंग धरून वर बघा खाली बघा नाकाकडे बघा असं सगळीकडे बघायला लावलं. त्या दिव्याचा उजेड इतका लखलखीत की डोळ्यातून नुसतं पाणी. मग ओसीटी, म्हणजे पडद्याचं स्कॅन, ते सोपं, हनुवटी टेकायची आणि हिरव्या खुणेकडे बघायचं, हात पण लागत नाही. मधल्या भागाची जाडी डावीकडे २७१ मायक्रॉन, उजवीकडे ४१२. स्क्रीनवर पडद्याचा उभा काप दिसतो, डाव्या डोळ्यात मधे छान खळगा होता आणि उजव्या डोळ्यात त्या खळग्याच्या जागी टेकाड, आत काळे काळे फुगे. ते पाणी, म्हणाल्या मॅडम. दोन्ही डोळ्यांत रेटिनोपॅथी, म्हणजे शुगरने पडदा बिघडणं, मध्यम, उजव्यात मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाला, सूज.

मी पर्समधून ती प्रिंट काढली. खरंच काढली, आता लाज वाटते. म्हटलं मॅडम पण माझा एनएलआर १.७ आहे.

त्या हसल्या नाहीत हे त्यांचं मोठेपण. प्रिंट हातात घेऊन नीट बघितली आणि विचारलं, हे रक्त दोन्ही डोळ्यांना एकच जातं ना? मी म्हटलं हो. मग एका डोळ्यात ४१२ आणि दुसऱ्यात २७१ कसं?

मी २२ वर्षं रक्त तपासतेय आणि हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. सूज हा मुद्दा खोटा नाही. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पडद्यातल्या केसाएवढ्याही नसलेल्या नळ्यांच्या आतल्या अस्तरावर चिकट रेणू वाढतात, त्यांना पांढऱ्या पेशी जाऊन चिकटतात, ज्या न्युट्रोफिल मी स्लाइडवर मोजते त्याच. नळी तुंबते, पुढच्या भागाला ऑक्सिजन कमी पडतो, मग पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडतो आणि त्याने नळ्या गळायला लागतात. मॅडमचं माहेर तासगावकडचं, द्राक्षबागेचं, त्यामुळे त्या म्हणाल्या ठिबकची नळी बघितलीय ना, ड्रिपर चोक झाला की पाणी पुढे जात नाही आणि मागे कुठेतरी नळी फुगून गळते, तसं समजा. हे मला एकदम पटलं, आमच्या दिराची पण बाग आहे.

पण ही भांडणं पडद्याच्या आत चालतात. रक्त आणि पडदा यांच्यामध्ये एक आडभिंत असते, तीच या आजारात मोडायला लागते, तरी आतली बरीचशी गडबड आतच राहते. १९९४ साली अमेरिकेत डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हेत) काढून मोजलं होतं तर आजार भडकलेल्यांमध्ये व्हीईजीएफ खूप वाढलेलं सापडलं, सुजेची इतर रसायनं पण अशीच डोळ्यातल्या पाण्यात जास्त सापडतात. आता त्या दोनचार थेंबांतली गोष्ट पाच लिटर रक्तात शोधायची म्हणजे कठीणच. आणि उलट बाजूने, रक्तातला एनएलआर तर कशानेही वर जातो. दाढ सुजली, लघवीला इन्फेक्शन झालं, स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या, नुसता ताण आला तरी न्युट्रोफिल वर आणि लिम्फोसाइट खाली. मॅडम म्हणाल्या पेपर खोटे नाहीत, पडदा खराब असलेल्या शंभर लोकांची सरासरी काढली तर ती चांगल्या पडद्याच्या शंभर लोकांपेक्षा वर येते खरी, पण दोन्ही गटातले आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की समोर बसलेल्या एका माणसाचा आकडा बघून तो कुठल्या गटातला हे सांगता येत नाही. प्रत्येक पेपरात कटऑफ, म्हणजे कुठल्या आकड्यापुढे धोका धरायचा ते, पण वेगळा. शिवाय ज्यांचे डोळे बिघडलेत त्यांची शुगर जुनी असते, बऱ्याचदा किडनीही बिघडलेली असते, मग आकडा नेमका कशामुळे वाढला ते वेगळं काढणार कसं.

इथे मला लॅबवाली म्हणून माझी भर घालायचीय. हे रेशो दिसायला सोपे वाटतात पण ते किती नाजूक आहेत ते आम्हालाच माहीत. जुन्या थ्री पार्ट मशीनवर ग्रॅन भागिले लिम्फ करून कुणी एनएलआर म्हणत असेल तर ॲलर्जीवाल्याच्या इओसिनोफिल, म्हणजे वेगळ्याच पांढऱ्या पेशी, पण त्यात आल्या. काही लोकांच्या प्लेटलेट जांभळ्या बल्बमधल्या ईडीटीएमुळेच (रक्त गोठू न देणारं रसायन) गठ्ठे करतात, मशीन म्हणतं ६० हजार आणि स्लाइडवर बघितलं तर गठ्ठेच गठ्ठे, माणूस ठणठणीत. म्हणजे प्लेटलेट धरून काढलेला पीएलआर आणि एसआयआय दोन्ही गेले. सकाळी कलेक्शन सेंटरवर काढलेलं सॅम्पल दुपारी उन्हातून मोटरसायकलवरून येतं, त्याचं काय होतं ते आम्ही बोलत नाही. पेपरात हे सगळं सांभाळून केलेलं असणार, गल्लीतल्या लॅबमध्ये तसं होईलच असं नाही.

अजून एक त्यांनी सांगितलं ते मला फार आवडलं. १९६४ मध्ये डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की संधिवातासाठी ॲस्पिरिनसारखी औषधं भरपूर खाणाऱ्या शुगरवाल्यांमध्ये पडद्याचा आजार कमी दिसतो. म्हणजे सूज कमी केली की डोळा वाचतो, असं वाटणारच. पुढे अमेरिकेत ३,७११ पेशंटवर मोठी ट्रायल झाली, ईटीडीआरएस नावाची, त्यात रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन वर्षानुवर्षं बघितलं आणि पडद्याला काही फरक पडला नाही. मी लगेच विचारलं मग सुजेचं काय, तर म्हणाल्या स्टिरॉइडची बारीक कांडी डोळ्याच्या आतच ठेवली की मॅक्युलाची सूज उतरते, तुम्हाला आधी डोळ्यात इंजेक्शन देऊ, त्याने फरक नाही पडला तर आपण तेही करू शकतो. सूज आहेच, पण तिला जिथे आहे तिथेच गाठायला लागतं.

इंजेक्शन डोळ्यात घ्यायचं म्हटल्यावर मी दोन दिवस जेवले नाही. रोज पन्नास लोकांच्या हातात सुई खुपसणारी बाई मी. प्रत्यक्षात असं झालं, बधिर करायचे थेंब, मग तपकिरी बेटाडिन डोळ्यातच, ते झोंबतं बाकी काहीच नाही, चेहऱ्यावर कापड, पापण्या ताणून धरायची क्लिप, आणि मग बुबुळापासून चार मिलिमीटरवर पांढऱ्या भागातून सुई. दाबल्यासारखं वाटलं एवढंच. मी पडल्या पडल्या विचारलं मॅडम व्हॉल्यूम किती, त्या म्हणाल्या पॉइंट झिरो फाइव्ह एमएल. मी मनात म्हटलं ५० मायक्रोलिटर, म्हणजे माझ्या पिपेटचा एक ठोका. तेवढ्यासाठी दोन दिवस उपाशी. संध्याकाळी डोळ्यात एक काळा गोल फुगा तरंगत होता, घाबरून फोन केला तर म्हणाल्या हवेचा आहे, जाईल. सकाळी गेला.

त्यांनी रक्ताच्या तपासण्या सांगितल्याच नाहीत असं नाही हं. एचबीएवनसी (माझं ८.९ होतं), बीपी, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, लिपिड. बीपी १५० वर ९४ निघालं ते मला माहीतच नव्हतं, लॅबमध्ये बीपीचं मशीन नसतं ना. आणि शुगर झटक्यात खाली आणायची नाही असं बजावलं, फार वेगाने उतरली तर सुरुवातीला पडदा अजून बिघडू शकतो, म्हणून फिजिशियनशी बोलून हळूहळू. मी तर घरी जाऊन भात बंद, पोळी बंद करायच्या तयारीत होते.

आता माझा हट्ट सांगते. मॅडमचं पटलं होतं तरी मी दर भेटीच्या आदल्या दिवशी स्वतःची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचएस-सीआरपी (सुजेने वाढणारं प्रोटीन अगदी थोडं असलं तरी मोजणारी तपासणी) लावत राहिले आणि वहीत लिहीत राहिले, एका बाजूला रक्त, एका बाजूला ओसीटी. पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी १.९ आणि ४१२. दुसऱ्या वेळी २.१ आणि ३७१. तिसऱ्या इंजेक्शनच्या आधी माझी खालची अक्कलदाढ सुजली, गाल असा टम्म, आणि त्या दिवशी न्युट्रोफिल ८१, लिम्फोसाइट १३. रेशो ६.२. सीआरपीने तर एचएसची मर्यादाच सोडली, एरवी २.४ असायचं ते थेट २० च्या वर. मी धडधडत्या काळजाने मिरजेला गेले, वाटलं संपलं सगळं. ओसीटी आलं ३३४. म्हणजे रक्त म्हणतंय आग लागलीय आणि डोळा म्हणतोय मी बरा होतोय. मॅडमनी वही बघितली, म्हणाल्या हे तुम्ही छान केलंत, पण आधी दाढ बघा, अंगात इन्फेक्शन असताना मी डोळ्यात सुई घालणार नाही. अँटिबायोटिक संपवून, दाढ काढून, बारा दिवसांनी तिसरं झालं.

वहीचं ते पान मी सरांना दाखवलं, आमच्या लॅबचे सर. कारण मधल्या काळात त्यांच्या मनात होतं की डायबेटिस पॅकेजमध्ये एनएलआर टाकू, खाली एक ओळ टाकू, डोळ्यांच्या धोक्याचा निर्देशक, पॅकेज दीडशे रुपयांनी वाढवू. मशीन काढतंच आहे, खर्च काहीच नाही. मी म्हटलं सर, ती ओळ वाचून माझ्यासारखी एखादी बाई प्रिंट पर्समध्ये ठेवेल आणि वर्षभर डोळ्याच्या डॉक्टरकडे जाणार नाही. सर थोडे चिडले, म्हणाले सगळीकडे येतंय आता. येऊ दे. सध्या तरी ती ओळ टाकलेली नाही, रेशो मागितला तर देतो, धोका वगैरे शब्द नाही. उद्या खरंच एखादं रक्त असं सापडेल की ज्यावरून गर्दीतून कुणाला आधी मिरजेला पाठवायचं ते ठरवता येईल, मला आवडेलच, गावाकडे पडदा बघणारे डॉक्टर असतात कुठे. आपल्याकडे ४० च्या पुढच्या लोकांची मोठी पाहणी २०२२ ला छापून आली, तिच्यात शुगर असलेल्या साधारण आठातल्या एकाचा पडदा बिघडलेला निघाला. माझ्या रांगेत सकाळी चाळीस शुगरवाले असतात. मी मनातल्या मनात पाच मोजते.

आणि विचारते पण. सुई काढली, कापूस दाबून धरा म्हटलं, की त्या अर्ध्या मिनिटात विचारायचं, काका पडदा कधी तपासलाय? बहुतेक जण म्हणतात चष्मा नवीनच आहे. परवा एक आजी म्हणाल्या, अगं बाई मला सगळं दिसतंय, तुझ्या कानातलं पण दिसतंय, खोटं आहे ना ते. खोटंच आहे. तरी त्यांच्या सुनेला नंबर लिहून दिला.

तिसऱ्या इंजेक्शननंतर उजवा २९८ आहे, अक्षरं ६/९ पर्यंत. डाव्यावर नुसतं लक्ष ठेवायचंय, चार महिन्यांनी परत थेंब. एचबीएवनसी ७.६ वर आलंय, बीपीची गोळी चालू. चौथं इंजेक्शन पुढच्या गुरुवारी, जाऊबाई सोबत येणार आहेत कारण थेंब घातल्यावर मला एस्टीची पाटी वाचता येत नाही.

रोज सकाळी रांग संपली की मी न्युबॉर चेंबर कोरडंच मायक्रोस्कोपखाली लावते आणि डावा डोळा मिटून बघते. डावीकडून तिसरा चौकोन. रेघ बरीच सरळ झालीय, खालच्या टोकाला अजून थोडी कलते. आज ज्युनिअर पोराने विचारलं ताई सॅम्पल कुठलं लावलंय. म्हटलं माझंच.